पांढऱ्या गावातला मे महिना

ऑकलंडमध्ये सप्टेंबर संपता संपता एका शनिवारी सकाळी शेजारून मोटरची घरघर सुरू होते आणि मला कळतं की वसंत आला. फुलं तशी आधीच आलेली असतात. पान नसलेल्या फांद्यांवर मॅग्नोलिया उमलून गळायलाही लागलेला असतो. कोफाईच्या पिवळ्या घोसांत टुई पक्षी उलटे लटकून भांडत असतात. पण इथल्या फुलांवर माझा विश्वास नाही. दोन दिवस ऊन पडलं की ती फसतात आणि लवकर येतात. मोटर मात्र खरी. शेजारचे टोंगन आजोबा, म्हणजे टोंगा बेटांवरून इथे आलेले, गमबूट घालून, पाण्याचा जोरकस झोत सोडणारं यंत्र घेऊन घर धुवायला उभे राहतात. हिवाळाभराच्या पावसाने लाकडी पट्ट्यांवर धरलेलं शेवाळ, कोळ्यांची जाळी, धूळ, सगळं ओघळत खाली येतं आणि दुपारपर्यंत घर कोरं दिसायला लागतं. कुंपणावरून ते मला हात करतात. "किया ओरा, डार्लिंग! हाउ आर यू?" मी म्हणते, "गुड, थँक यू." तेवढंच आमचं बोलणं.

त्या आवाजाने मला दर वर्षी एक गाव आठवतं. ते पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, स्पेनच्या दक्षिणेला, ऑलिव्हच्या टेकड्यांमध्ये आहे. तिथे वसंतात घरं धूत नाहीत. तिथे घरावर चुन्याचा आणखी एक हात देतात.

२०१७ साली मला दोन वसंत मिळाले. मे महिना म्हटलं की पुण्यात वाढलेल्या माणसाला उकाडा आठवतो, सुट्टी आठवते. ऑकलंडमध्ये मे म्हणजे पानगळ. संध्याकाळी ऑफिसातून निघेपर्यंत अंधार झालेला असतो, आणि अंथरुणात गरम पाण्याची पिशवी असते. ती पानगळ मागे टाकून मी विमानात बसले आणि उतरले तेव्हा तिकडे रस्त्याच्या दोन्ही कडांना लाल पॉपीची फुलं होती. परत आले तेव्हा इथे हिवाळा होता, आणि मग सप्टेंबरात पुन्हा वसंत. एका वर्षात दोन. कोणाला सांगितलं तर हेवा वाटावा अशी गोष्ट. मी ती कोणाला फारशी सांगितलेली नाही.

आई पुण्याहून एका टूर कंपनीबरोबर स्पेन बघायला निघाली होती. बाबांना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून ती एकटी. एकट्या बाईला टूरमध्ये रूम पार्टनर देतात. आईला पाटणकर काकू मिळाल्या होत्या, आणि निघायच्या आधीच दोघींची फोनवर मैत्री झाली होती. मी म्हटलं, मीही येते, शेवटचे काही दिवस तुमच्याबरोबर काढते. आईला इतका आनंद झाला की तिने लगेच टूरच्या ऑफिसला सांगून त्यांच्या खोलीत तिसरी खाट टाकून घेतली.

"आणि जावई?" तिने विचारलं.

"त्याला रजा नाहीये."

खरं असं होतं की मी फेब्रुवारीतच त्याच्या घरातून निघाले होते.

हे मला आईला समोर बसून सांगायचं होतं. फोनवर जमण्यासारखं नव्हतं. आमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो, मागे टीव्हीवरच्या बातम्या असतात, मधूनच मावशी "कशी आहे थंडी?" असं ओरडून विचारते आणि उत्तराआधी आत निघून जाते. मी ठरवलं होतं की टूर संपायच्या आत, कुठेही, दोघीच असताना सांगायचं. आणि मग तिने मला विचारावं, तू कशी आहेस. एवढंच हवं होतं. ऑकलंडमध्ये हा प्रश्न मला दिवसातून दहा जण विचारतात. बसचा ड्रायव्हर विचारतो, डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध घ्यायला गेलं की काउंटरवरचा मुलगा विचारतो. मला तो एकदा आईच्या तोंडून ऐकायचा होता. त्यासाठी मी एवढा प्रवास केला, असं आता लिहिताना वाटतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की स्पेन बघायला चालले आहे.

त्याच्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. तो माझ्याशी वाईट वागला नाही, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत होते. कोणी विचारलेलं नसायचं, तरी. ऑकलंडच्या अल्बनी उपनगरातल्या आमच्या घरी शनिवारी मराठी मंडळी जमायची. सगळे पुण्या-मुंबईचे, बहुतेक आयटीतले, एक जोडपं डॉक्टर. पावभाजीचा बेत असायचा, घरांच्या किमतींवर आणि शाळांवर चर्चा व्हायची. कोणी मला काही विचारलं की मी तोंड उघडायच्या आत तो म्हणायचा, "हिला नका विचारू, ही म्यूटवर असते." सगळे हसायचे. मीही हसायचे. पहिल्यांदा तो विनोद खरंच चांगला होता. तीन वर्षं तोच विनोद ऐकल्यावर एक दिवस लक्षात आलं की घरी कोणी पाहुणे नसतानाही मी म्यूटवरच आहे, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

शाळेत नन्स आम्हाला मराठी बोलताना पकडलं की बाकावर उभं करायच्या. आईला वाटायचं, मुलगी फाडफाड इंग्रजी बोलेल. मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. मराठी लिहायची सवय मला इथे आल्यावर लागली, कारण इथे माझ्या टेबलावर पडलेला मराठी कागद ऑफिसातलं कोणी वाचू शकत नाही.

टूरमध्ये सामील झाले त्या सकाळी हॉटेलच्या दारात बस उभी होती आणि बसच्या पोटातून पोह्यांचा वास येत होता. टूरबरोबर आचारी होता. आई खिडकीतून दोन्ही हात हलवत होती, नवी पँट, नवे बूट, केस कापलेले. मी तिला पँटमध्ये पहिल्यांदाच बघत होते. ती मला एकदम लहान वाटली आणि सुखी वाटली. बसमध्ये चढले तर सगळ्यांना माझ्याबद्दल सगळं माहीत होतं.

"ही का ती न्यूझीलंडची? घरातून समुद्र दिसतो ना गं तुमच्या?"

"लांबून दिसतो," मी म्हणाले. तो दिसायचा. त्याच्या घरातून.

"इंग्लिश मीडियमची ना? पण मराठी छान बोलते हो," पाटणकर काकू म्हणाल्या, जणू मी तिथे नव्हतेच. "आणि मिस्टर कसे आहेत? तुझ्या आईने इतकं कौतुक केलंय जावईबापूंचं, आम्हाला तर आता त्यांना बघायचंच आहे."

"मजेत," मी म्हणाले.

पाटणकर काकू म्हणजे उंच, धिप्पाड बाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना कुठलीही गोष्ट पूर्ण बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. खोलीत त्या कायम हजर. बसमध्ये आई आणि त्या एका बाकावर, मी पलीकडे. जेवायला त्या समोर. आई अंघोळीला गेली की त्या माझ्याशी बोलायच्या आणि त्या अंघोळीला गेल्या की आई बॅग आवरायची आणि बाथरूममध्ये आवाज जाईल म्हणून हळू बोलायची, ते सगळं पाटणकर काकूंबद्दलच. "बाई चांगली आहे गं, पण कपडे कुठेही टाकते." तेवढ्यात नळ बंद व्हायचा. किल्ले झाले, राजवाडे झाले, कारंजी झाली. मला आता त्यातलं काही नीट आठवत नाही. मी सगळीकडे फक्त दोघींना बसता येईल असा कोपरा शोधत होते.

ते गाव कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसरं होतं. बस टेकड्यांमधून वळणं घेत होती, दोन्हीकडे लाल मातीत ऑलिव्हच्या रांगा, फणीने भांग पाडावेत तशा. आणि एका वळणावर समोरच्या डोंगरावर ते दिसलं. कोणीतरी उंचावरून मिठाचं पोतं ओतलंय असं. बसमध्ये सगळे एकदम "अरे वा" म्हणाले. टूर मॅनेजर अमेय माईकवर म्हणाला, "मंडळी, पाऊण तास. पाऊण म्हणजे पाऊण. मागच्या गावात मला तीन जण कॅफेतून उचलून आणावे लागले."

आत गेल्यावर डोळे दिपतात. सगळं पांढरं. भिंती, पायऱ्यांच्या कडा, झाडांचे बुंधेसुद्धा. उन्हात नीट बघवत नाही आणि सावलीत तोच रंग निळा होतो. बोळ इतके अरुंद की पाटणकर काकू आणि आई शेजारी शेजारी चालल्या की मी मागेच. खिडक्यांना लोखंडी गज, गजांवर टांगलेल्या कुंड्या, त्यांत लाल जिरेनियम. दारांना साखळ्यांचे पडदे, माश्या येऊ नयेत म्हणून. आतून भांड्यांचा आवाज, कांदा परतल्याचा वास, रेडिओ. एक म्हातारी घरचाच गाऊन घालून आपला उंबरा फडक्याने पुसत होती आणि आम्ही चाळीस माणसं तिच्या ओल्या फरशीवरून कसं जावं म्हणून एका पायावर उभे होतो. तिने वर बघितलं, काहीतरी पुटपुटली, बादली बाजूला ओढली. ती रोज येणाऱ्या बसगाड्यांना कंटाळलेली असणार. मला तिच्यासमोर शरम वाटली.

चौकात संत्र्याची झाडं होती, उरलीसुरली फळं अजून लटकलेली. पाटणकर काकूंनी इकडेतिकडे बघून दोन तोडली, एक पर्समध्ये, एक लगेच सोलली. एक फोड आईला, एक मला. आईने तोंडात टाकून तिथेच रुमालात थुंकली. ती शोभेची संत्री, कडूजहर. काकू "शी शी शी" करत हसत होत्या. "तू कशी गं खाल्लीस?" त्यांनी मला विचारलं. मी गिळली होती. लोकांसमोर तोंडातून काही बाहेर काढणं मला जमत नाही.

स्थानिक गाईड बाई इंग्रजीत सांगत होती आणि अमेय मराठीत. गावाच्या जत्रेआधी दर वर्षी प्रत्येक घरावर चुना चढतो. बायकाच करतात हे काम, आईकडून मुलीकडे येतं. आधीचा थर खरवडत नाहीत, त्याच्यावरच पुढचा. "हे कोपरे बघा," ती म्हणाली. मी हात लावला. भिंतीचा कोपरा कोपरा राहिलाच नव्हता, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा गोल झाला होता. दगडाची धार आत कुठेतरी असेल. एका दाराच्या चौकटीवर कोरलेली अक्षरं होती, तीही बुजून नुसते फुगवटे उरलेले. "आत काय लिहिलंय?" कोणीतरी विचारलं. गाईडने खांदे उडवले. त्या घरातल्यांनाही ठाऊक नव्हतं. मंडळींनी त्याचेही फोटो काढले.

आईला ते फार आवडलं. "किती स्वच्छ," ती सारखी म्हणत होती. "बघ ना, एक डाग नाही कुठे." मला ऑकलंडमध्ये घरं धुताना लोकांच्या गमबुटावर येणारं हिरवं काळं पाणी आठवलं. इथे ते पाणी कुठे जात असेल असं मला वाटलं. कुठेच जात नव्हतं.

आणि मग निंबाळकर काकांनी आम्हाला वेळ मिळवून दिला.

निंबाळकर काका साताऱ्याचे. तंबाखू त्यांनी सामानात भरपूर आणली होती, पण चुन्याची ट्यूब हातातल्या बॅगेत राहिली आणि विमानतळावर तपासणीत गेली. तेव्हापासून त्यांची तंबाखू बिनचुन्याची, आणि सगळ्या बसला त्याचं दुःख माहीत होतं. "स्पेन चांगला आहे," ते म्हणायचे, "पण कोरडा आहे." त्या गावात एका बोळाच्या तोंडाशी एक बाई लांब काठीला बांधलेल्या कुंचल्याने भिंत रंगवत होती. पायाशी बादली. काका थांबले. वाकले. वास घेतला. आणि बोट बुडवून तळहातावरच्या तंबाखूला लावायला लागले.

बाईने किंकाळी फोडली. "नो, नो, नो!" ती कुंचला टाकून धावली आणि तिने काकांचं मनगट धरलं. काका तिला मोठ्याने, म्हणजे तिला मराठी कळावं इतक्या मोठ्याने, समजावत होते, "अहो बाई, खात नाही! लावतो! लावतो फक्त!" शेजारच्या दारातून दुसरी बाई दुधाचा ग्लास घेऊन आली. निंबाळकर काकू कपाळाला हात लावून उभ्या. "अहो, सोडा तो चुना! परदेशातसुद्धा लाज आणलीत!" अमेय पळत आला. "काका, तो भिंतीचा आहे!"

"भिंतीचा काय अन् पानाचा काय. चुना आहे तो."

पाटणकर काकू अशी गंमत सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "थांबा गं, काय झालं बघून येते," म्हणत त्या गर्दीत घुसल्या. बोळात मी आणि आई. दगडी बाक होता. आई बसली, बूट सैल करत हसत होती, मान वळवून गर्दीकडे बघत होती. मला माहीत होतं की अशी वेळ आता परत येणार नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आई, मी आता तिकडे राहत नाही. अल्बनीला. आम्ही वेगळे झालो."

तिचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, पंखा बंद केल्यावर फिरत राहतो तसं. तिने पहिली गोष्ट केली ती ही की बोळाच्या दोन्ही टोकांकडे बघितलं.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"तो कुठे आहे?"

"घरीच. मी निघाले. ईस्ट टामाकीला माझं ऑफिस आहे ना, तिथून जवळ एक खोली घेतलीय."

"खोली," ती म्हणाली.

वरून पाकोळ्या किंचाळत गेल्या. पलीकडे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी वाट बघत होते. मला आठवतंय, मी माझा उजवा हात बाकावर तिच्या बाजूला ठेवला होता, उलटा, तळवा वर. तिला धरायचा असेल तर धरता यावा असा.

"पाटणकर बाईंना काही कळता कामा नये," आई म्हणाली. "अजून तीन दिवस एका खोलीत काढायचेत. आणि पुण्यात त्या आपल्यापासून दोन चौक सोडून राहतात."

"नाही सांगणार."

"तू उगाच तोंड पाडून बसू नकोस. त्यांना लगेच कळतं. हेडमिस्ट्रेस आहे ती." मग तिने बुटाची नाडी नीट बांधली, उठली, टॉप खाली ओढून सारखा केला आणि समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. "एक फोटो काढ माझा. ही भिंत चांगली आहे."

मी फोटो काढला. तो चांगला आला. एवढ्या उजेडात वाईट येणं शक्यच नव्हतं. मागे नुसतं पांढरं, कोपऱ्यात एक लाल कुंडी, आणि माझी आई हसतेय. व्हॉट्सअॅपवर तिचा डीपी अजून तोच आहे. मी तिला फोन लावते तेव्हा दर वेळी आधी तो दिसतो.

पाटणकर काकू परतल्या त्या डोळे पुसतच. शेवटी अमेयने हातवारे करून बायकांना समजावलं होतं आणि भिंत रंगवणाऱ्या बाईने काकांना कागदाच्या पुडीत चमचाभर चुना बांधून दिला होता, वर गालाला गाल लावून निरोपही. काकूंनी सगळा प्रसंग अभिनयासकट सांगितला. आई हसली. जिथे हसायचं तिथे, जेवढं हसायचं तेवढं. मी तिच्याकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा कळलं की ती हे काम किती छान करते. आयुष्यभर करत आली असणार. बसमध्ये काकांनी तंबाखू मळली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उरलेले दिवस पाटणकर काकू माझ्याशी जास्तच गोड वागल्या. मला खिडकीची जागा दिली. मला वाटलं, वयामुळे असेल.

त्यानंतरची दोन वर्षं मी त्या गावाचा विचार करत नाही असं स्वतःला सांगत आले. पण टूरमधल्या बायकांनी पुण्यात आपला ग्रुप केला, दर महिन्याला कोणाच्या तरी घरी भेटायच्या, आणि आईची पाळी असली की मला आदल्या दिवशी निरोप यायचा. उद्या व्हिडिओ कॉल करेन. गळ्यात काहीतरी घाल. मागे ते कपडे वाळत घातलेले दिसू देऊ नकोस. मी घालायचे. कपडे काढायचे. जावई त्या दोन वर्षांत मेलबर्नला प्रोजेक्टवर गेला, परत आला, त्याला बढती मिळाली, त्याची पाठ दुखायला लागली, त्याने सायकल घेतली. त्याच्याबद्दल मला आईकडून कळायचं. कधी कधी मला तो माणूस आवडायचा, आईने केलेला. या देशात घटस्फोटाआधी दोन वर्षं वेगळं राहावं लागतं. ती आम्ही तिघांनी नीट पार पाडली, तो, मी आणि आईचा जावई.

आणि त्या सगळ्या काळात, बाबा ठीक, मावशी ठीक, पाऊस झाला, गॅस संपला, पण तू कशी आहेस हे नाही. तिला माझं वाईट वाटत नव्हतं असं नाही. मेथीचे लाडू पाठवायची, थंडीसाठी. पण तो प्रश्न विचारला की उत्तर ऐकावं लागतं, आणि ते तिला ठेवायला जागा नव्हती.

यंदाच्या सप्टेंबरात आई इकडे आली. पहिल्यांदाच. माझं एक बेडरूमचं घर तिने बघितलं, स्वयंपाकघराचे खण पुसले, पडदे धुतले. टोंगन आजोबांशी तिने कुंपणावरून हिंदीत ओळख करून घेतली आणि त्यांनी तिला पिशवीभर तारोची पानं दिली. तिने त्यांच्या अळूवड्या केल्या. बरे दिवस होते ते, मी नाही म्हणत नाही. मग एका रविवारी दुपारी, पुण्यात सकाळ असताना, पाटणकर काकूंचा व्हिडिओ कॉल आला. आईने फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. मी बाजूला कोथिंबीर चिरत होते, कॅमेऱ्यात न येता.

"काय गं, लेकीकडे मजा? आणि जावईबापू दिसत नाहीत ते?"

"ऑफिसला गेलेत."

"रविवारी?"

"इकडे असंच असतं बाई. काम म्हणजे काम."

आईचा आवाज इतका सहज होता. ती खोटं बोलतेय असं तिलाही वाटत नसावं. माझ्या घरात, माझ्या ओट्याशी, माझ्या मागे टांगलेल्या माझ्या एकटीच्या रेनकोटाकडे पाठ करून ती बोलत होती. मी सुरी ठेवली. हात पुसले. माझ्या कानात रक्त वाजत होतं, शाळेत बाकावर उभं केल्यावर वाजायचं तसं. मी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पडद्यावर आम्ही दोघी दिसायला लागलो.

"काकू, नमस्कार. मी इथे एकटीच राहते. आमचा घटस्फोट झालाय."

आई फोनकडे बघत राहिली. मला वाटलं ती तो बंद करेल.

"अगं बाळा," पाटणकर काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हळू झाला, "माहीत आहे मला."

"कधीपासून?" हे आईने विचारलं.

"स्पेनपासूनच की. ही पोरगी आली आणि त्या चामड्याच्या दुकानात सगळ्या बायका नवऱ्यांसाठी पट्टे नि पाकिटं घेत होत्या, ही नुसती दारात उभी. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली मुलगी. सगळ्याच म्हणालो तेव्हा. निंबाळकर वहिनीपण म्हणाल्या." त्या थांबल्या. "पण तुम्हाला सांगायचं नव्हतं ना. मग आम्ही आपलं विचारत राहिलो, जावई कसे आहेत म्हणून. तुम्हाला बरं वाटायचं."

पुढे त्या बरंच काही बोलल्या, चांगलं बोलल्या. त्यांच्या भाचीचं सांगितलं. मला म्हणाल्या, "तू बरी आहेस ना गं?" आणि मी, दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न दुसऱ्याच बाईकडून ऐकून, "गुड, थँक यू" म्हणाले. इंग्रजीत. तोंडातून तेच आलं.

फोन बंद झाल्यावर आई स्टुलावर बसली. शेजारी मोटर चालू होती, आजोबांनी पलीकडची भिंत घेतली होती. मी कोथिंबीर उचलून वाटीत भरली. आई खूप वेळ ओट्यावरचा न पडलेला डाग बोटाने पुसत होती. मला वाटलं, आता. आता तरी.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "सगळ्यांना ठाऊक होतं. एकीनेसुद्धा मला सांगितलं नाही."

मी तिला सांगितलं होतं. त्या बाकावर. सगळ्यांच्या आधी.